झोपलेली फियाट

मुलांनो,

मागच्या आठवड्यात आपण तीन खिळ्यांचं कोडं घातलं होतं. एक खिळा कोरड्या डबीत. दुसरा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेला आणि वर तेलाचा थर. तिसरा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. आधी कुठला गंजेल? तुमच्यापैकी बहुतेकांनी 'तिसरा' असं बरोबर ओळखलंत. शाबास! पहिल्याला हवा होती, पण पाणी नव्हतं. दुसऱ्याला पाणी होतं, पण उकळल्यामुळे त्यातली हवा निघून गेली होती आणि तेलाने नवी हवा आत येऊ दिली नाही. तिसऱ्याला मात्र दोन्ही मिळालं. लोखंड, पाणी आणि हवा हे तिघे एकत्र आले की गंज आलाच म्हणून समजा.

आज त्याच गंजाची एक मोठी गोष्ट सांगते. यात खिळ्याच्या जागी अख्खी मोटार आहे, बरं का!

आमचं गाव कोकणातलं. चार महिने धो धो पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा. गावात एक डॉक्टरआजोबा आहेत. आता ते औषधं देत नाहीत, पण सगळे त्यांना अजून डॉक्टरच म्हणतात. त्यांच्या घरामागे चिऱ्याचा मांगर आहे. त्या मांगरात, ताडपत्रीखाली, एक गाडी २०१२ सालापासून उभी होती. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी ती आत लावली. ऑपरेशन झालं की काढू, पाऊस संपला की काढू, असं करता करता वर्षांमागून वर्षं गेली. गाडी आहे तिथेच राहिली.

ही गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. घरोघरी मात्र तिला 'फियाट'च म्हणत, कारण तिचा आराखडा मूळ इटलीतल्या फियाट कंपनीचा. बांधणी आपल्याकडची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली. तो कारखाना ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, ती कंपनी १९४४ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी काढली. १९७४ पासून गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही चित्रात नक्की पाहिली असेल, ती हीच. त्या टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या.

आजोबांची गाडी १९८४ सालची, सायीच्या रंगाची. गिअरची दांडी खाली नाही, स्टिअरिंगला चिकटून! आमच्या वर्गातल्या मुलांना याचंच भारी नवल वाटलं.

तर झालं काय, दिवाळीच्या सुट्टीत आजोबांचा नातू पुण्याहून आला. नववीतला, भारी हुशार, पण पायाला भिंगरी आणि हाताला घाई. त्याचे बाबा म्हणाले होते, "मांगर रिकामा करायचाय. गाडी भंगारात देऊन टाका." भंगारवाला येऊन गाडी बघूनही गेला होता. वजनावर भाव सांगितला आणि "रविवारी टेम्पो आणतो" म्हणाला.

आजोबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "मिस्त्रीला बोलवा. इंजिन फिरलं तर गाडी राहील. जाम झालं असेल तर रविवारी न्या. मी काही बोलणार नाही."

बुधवारी सकाळी मिस्त्रीकाका आले. शाळेला सुट्टी होतीच, तेव्हा माझ्या वर्गातली पाच-सहा मुलंही कुंपणावरून डोकावत आली. मी म्हटलं, चला, आज आपली शाळा मांगरात!

काका येताच नातू म्हणाला, "काका, मी काल चावी लावून बघितली. काहीच झालं नाही. टक् सुद्धा वाजलं नाही."

सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीवरची पांढरी बुरशीसारखी पूड बघितली आणि म्हणाले, "बॅटरी मेलेली होती म्हणून गाडी वाचली, बाळा."

असं का म्हणाले असतील ते?

आत काय असतं?

सायकलचा पंप आठवा. नळीत एक दट्ट्या वर-खाली होतो. पद्मिनीच्या इंजिनात असे चार पंप आहेत असं समजा. नळी म्हणजे सिलिंडर, दट्ट्या म्हणजे पिस्टन. चारही मिळून १०८९ घन सेंटिमीटर जागा, म्हणजे एकेका सिलिंडरच्या वाट्याला साधारण २७२. एका मोठ्या पेल्यात मावेल एवढं पाणी! सिलिंडरच्या वर एक व्हॉल्व्ह आत घेण्याचा आणि एक बाहेर सोडण्याचा, अशी दोन दारं. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, वाफ पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. शेवटी वर येताना तो धूर बाहेर घालवतो. ओढा, दाबा, पेटवा, सोडा! एवढंच.

पिस्टनच्या कडेने बांगड्यांसारख्या रिंगा असतात. त्या सिलिंडरच्या भिंतीला अगदी लागून घासतात. भिंत बिडाची, रिंगाही लोखंडाच्याच जातीच्या. इंजिन चालू असतं तेव्हा मध्ये तेलाचा पातळ थर असतो. पण गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते तेल निथळून खालच्या चेंबरमध्ये जातं. शिवाय इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचं दार उघडंच राहतं. त्या दारातून आपली कोकणातली दमट हवा आत शिरते. लोखंड आलं, हवा आली, पाणी आलं. तिसऱ्या खिळ्याची गोष्ट!

भिंतीवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि रिंग जणू डिंकाने चिकटवल्यासारखी बसते. अशा वेळी चावी फिरवली आणि जिवंत बॅटरीने इंजिनाला हिसका दिला, तर रिंग मोडू शकते आणि भिंतीवर चरे पडतात. खालची बेअरिंगं कोरडी असतात, तीही घासतात. इतकी वर्षं जे टिकलं, ते दोन सेकंदांत बिघडतं.

नातवाने चावी मुकाट्याने आजोबांच्या हातात दिली.

डोळे पुढे, हात मागे

"पहिला दिवस नुसता बघायचा," काका म्हणाले. त्यांनी एक काठी घेतली आणि आधी सीटखाली, मग चाकांमागे फिरवली. सीटखालून सापाची कात निघाली! बंद जागेत हात घालण्याआधी काठी घालावी, हे आमच्या मुलांना ठाऊक होतंच. आता नातवालाही कळलं.

मग एअर फिल्टरचं झाकण काढलं. आत उंदराचं घर. नारळाचा काथ्या, कापूस आणि कागदाचे कपटे. एका कपट्यावर आजोबांचं अक्षर निघालं. जुनी औषधाची चिठ्ठी होती! दोन वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. हे न बघता इंजिन चालू केलं असतं तर तो काथ्या आत ओढला गेला असता आणि उघड्या वायरीने ठिणगीही पडली असती.

नंतर चारही प्लग काढले. कुठला प्लग कुठला, कुठली वायर कुठे, ते मुलांनी खडूने आणि चिकटपट्टीने आकडे घालून ठेवलं. गंमत अशी, की ठिणग्या एक, दोन, तीन, चार अशा ओळीने पडत नाहीत. एक, तीन, चार, दोन अशा पडतात, म्हणजे इंजिन एकसारखं फिरतं. वायरींची अदलाबदल झाली की सगळंच चुकलं.

आता तेल. इंजिन ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळलं आणि प्रत्येक भोकातून साधारण दहा मिलीलिटर आत सोडलं. कशाने, सांगा पाहू? आजोबांच्या जुन्या काचेच्या इंजेक्शनने! सुईच्या जागी बारीक नळी. आजोबा स्वतः उठून आले. "इंजेक्शन मीच देणार," म्हणाले. हात थरथरत होता, पण एक थेंब बाहेर सांडला नाही.

"आता?" नातवाने विचारलं.

"आता घरी जायचं," काका म्हणाले. "तेलाला वेळ द्यायचा. ते गंजात हळूहळू मुरतं."

जाण्याआधी त्यांनी चेंबरचा खालचा नट सोडून जुनं तेल एका घमेल्यात काढलं. आधी चमचाभर पाणी आलं, मग काळंकुट्ट तेल. पाणी आधी का आलं? त्याचं उत्तर शेवटी 'करून पाहा'मध्ये शोधा.

लांब दांडीचा मोह

गुरुवारी काकांनी इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या मोठ्या नटाला पाना लावला आणि हलकेच फिरवून पाहिलं. पुलीवर खडूने एक रेघ मारली होती. सगळ्यांचे डोळे रेघेवर. रेघ जागची हलली नाही.

नातू पळत जाऊन लोखंडी पाइप घेऊन आला. "काका, पान्याच्या दांडीत हा घाला. दांडी लांब झाली की जोर जास्त मिळतो. आम्हाला विज्ञानात आहे!"

त्याचं विज्ञान अगदी बरोबर होतं, मुलांनो. तरफेची दांडी दुप्पट केली की तेवढ्याच हाताने दुप्पट जोर लागतो. पहारीने मोठा दगड उचलतो तो असाच. पण काका म्हणाले, "जोर मिळतो, खरं आहे. पण आत काय धरून बसलंय ते पाइपला कळत नाही. हाताला कळतं. हाताला न झेपेल एवढा जोर इथे लावायचाच नाही."

पुन्हा तेल सोडलं. पुन्हा घरी. आजोबा पायरीवर बसून होते. त्यांनी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. रविवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी काकांनी वेगळी युक्ती केली. टायरमध्ये हवा भरली, चाकांना पुढे-मागे वीतभर अंतरावर दगड लावले, कारण ब्रेक लागत नव्हता. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. गिअरमध्ये असलेली गाडी ढकलली की चाकं इंजिनाला फिरवू बघतात, आणि वरच्या गिअरमध्ये हे सगळ्यांत हलक्या हाताने होतं. आम्ही मोठे चौघे दोन बाजूंना उभे राहिलो. मुलांना काकांनी लांब बसवलं होतं. "जोर नको. पाळण्यासारखं. पुढे... मागे... पुढे... मागे..."

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझ्या हातांना कळ लागली. इतक्यात रेघेवर नजर ठेवून बसलेली तिसरीतली मुलगी ओरडली, "बाई, हलली!"

दोन बोटं. फक्त दोन बोटं रेघ सरकली होती! पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार बोटं. मग अर्धा फेरा. आणि मग एकदम सैल होऊन पूर्ण फेरा. इंजिन जाम नव्हतं, नुसतं चिकटलं होतं.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी टेम्पोवाल्याला चहा करा," एवढंच बोलले.

घाण पाणी, शिळं पेट्रोल

तुम्हाला वाटेल, आता चावी फिरवायची. अजून नाही! शनिवारचा अख्खा दिवस साफसफाईत गेला.

पेट्रोल शिळं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. टाकीतून काढलेल्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा वास येत होता आणि तळाला गंजाचे कपचे होते. ते काकांनी वेगळ्या डब्यात बंद करून बाजूला ठेवलं. मातीत किंवा गटारात ओतलं नाही. आमची विहीर जवळच आहे.

कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा यांचं योग्य मिश्रण करणारं हे भांडं. त्यातल्या जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं असतं. त्यात राळ बसली की पेट्रोल जाणार कुठून? ते धुऊन, फुंकून साफ केलं. पेट्रोलचे रबरी पाइप हाताने वाकवताच तडकले. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या जातीच्या रबराला सोसत नाही. म्हणून सगळे पाइप नवे घातले.

डिस्ट्रिब्युटर, ज्याला मिस्त्री लोक 'डेल्को' म्हणतात, तो एकेका प्लगला करंट वाटून देतो. त्यातल्या पॉइंटवर थर चढला होता. बारीक पॉलिशपेपरने घासल्यावर ते चकचकीत झाले. रेडिएटरमधून विटकरी रंगाचं पाणी निघालं. तो स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला. नवं तेल, नवा फिल्टर. बॅटरी काकांनी स्वतःच्या गॅरेजमधली आणली.

मग प्लग न लावताच स्टार्टर फिरवला. पाच सेकंद फिरवायचा, थांबायचं. पुन्हा पाच सेकंद. प्लग नसले की आतली हवा भोकांतून निघून जाते, इंजिन हलकं फिरतं आणि तेलाचा पंप तेल सगळीकडे पोचवतो. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा होता. चौथ्या खेपेला तो विझला. म्हणजे तेल पोचलं!

"आता लावू?" नातू म्हणाला. पण या वेळी त्याने स्वतःच उत्तरही दिलं. "नको. अंधार पडलाय. उद्या उजेडात."

काका पहिल्यांदा हसले.

रविवार

सकाळी गाडी ढकलून मांगराबाहेर खळ्यात आणली. बंद जागेत इंजिन कधीच चालू करू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो तरी त्याला कळत नाही. जवळ वाळूच्या दोन बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं ठेवलं. मुलांना मी तुळशीवृंदावनापलीकडे उभं केलं.

इतक्यात टेम्पो आला. भंगारवाले भाऊही उतरून बघत उभे राहिले.

टाकी अजून साफ व्हायची होती, म्हणून काकांनी ताज्या पेट्रोलचा एक छोटा डबा इंजिनापासून दूर, उंचावर बांधून त्याची नळी जोडली. सलाइनच लावलं म्हणा ना! डॉक्टरच्या गाडीला शोभलं. आजोबा चालकाच्या जागेवर बसले. त्यांनी चोक ओढला. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, त्यासाठी चोक. हात चावीवर गेला.

"थांबा!" काका ओरडले.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. टप, टप. आतला फ्लोट, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसला तरंगता गोळा, अडकला होता आणि पेट्रोल भरून बाहेर वाहत होतं. त्या वेळी चावी फिरवली असती आणि एक ठिणगी उडाली असती तर? मी काही बोलत नाही. तुम्हीच विचार करा.

काकांनी नळी बंद केली, बॅटरीची वायर सोडली. सांडलेलं पुसून काढलं. फ्लोट सोडवला, पुन्हा बसवला. मग वारा लागून वास जाईपर्यंत अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. टेम्पोवाले भाऊ चहा प्यायले. घड्याळाकडे बघितलं, पण गेले नाहीत.

त्या अर्ध्या तासात मुलांनी काकांना विचारलं, "काका, तुम्ही पैसे किती घेणार?"

काका म्हणाले, "मी दुसरीत होतो तेव्हा मला फुरसं चावलं. रात्री अकरा वाजता, पावसात. ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून डॉक्टरांनी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं का, किती देणार?"

मुलं गप्प बसली. मीही. ही गाडी गावाला किती वर्षं वाहत होती ते मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग पुन्हा सगळं जोडलं. काकांनी वाकून, हुंगून, बोट लावून पाहिलं. कोरडं होतं. त्यांनी मान हलवली.

आजोबांनी चावी फिरवली. खर्र... खर्र... काही नाही. थांबले. पुन्हा. खर्र... फट्! एक मोठा आवाज आणि गाडी गप्प. एक पोरगं घाबरून माझ्यामागे लपलं. तिसऱ्या वेळी... खर्र... फट् फट्... आणि मग धडधड सुरू झाली ती सुरूच राहिली! मागून निळा-पांढरा धूर एवढा आला की टेम्पो दिसेनासा झाला. घाबरू नका, सिलिंडरमध्ये आपणच घातलेलं तेल जळत होतं. थोड्या वेळाने धूर विरला.

मुलांनी टाळ्या पिटल्या. नातू नाचायलाच लागला. आजोबांनी मात्र कान टवकारून, डोळे मिटून ऐकलं. पेशंटची छाती ऐकावी तसं. "टॅपेट वाजतायत. आणि एक सिलिंडर अजून आळस करतंय," ते म्हणाले. काका म्हणाले, "अगदी बरोबर."

दहा मिनिटं चालवून, कुठे गळत नाही ना, गरम होत नाही ना, ते बघून इंजिन बंद केलं.

"आता एक चक्कर!" दोन-तीन मुलं एकदम ओरडली.

आणि उत्तर कोणी दिलं असेल? नातवाने! "अजिबात नाही. ब्रेक कुठे आहेत? चालू झालेली गाडी थांबायला नको का?"

खरंच आहे. ब्रेकचं तेलही वर्षानुवर्षं पाणी ओढत राहतं आणि आतले भाग गंजून अडकतात. ब्रेक, टायर, दिवे सगळं करायचं बाकी आहे. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. तेही व्हायचं आहे. फियाट रस्त्यावर यायला अजून बरेच महिने लागतील. पण ती भंगारात गेली नाही.

भंगारवाले भाऊ रिकाम्या हाताने परतले का? छे! मांगरातले तुटके पत्रे आणि गंजकी खाट घेऊन गेले. मेलेली बॅटरी मात्र काकांनी नवी घेताना दुकानात परत दिली. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. ती उघड्यावर फोडायची नसते.

रात्री नातवाचा पुण्याला फोन झाला. "बाबा, गाडी सुरू झाली! चावी फिरवायला पाच सेकंद लागले आणि त्याआधी पाच दिवस आम्ही वाट बघितली." पलीकडून बाबा काय म्हणाले ते मला कळलं नाही. पण आजोबा ऐकत होते आणि हसत होते. मांगराची चावी त्यांनी खिळ्याला अडकवली. गाडीची मात्र नातवाच्या हातात दिली.

जरा इकडे लक्ष द्या

मुलांनो, ही गोष्ट वाचून घरच्या जुन्या स्कूटरशी किंवा मोटारीशी एकट्याने खेळू नका. पेट्रोलची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेटते. बॅटरीतल्या आम्लाने कातडी भाजते. असं काम जाणत्या माणसानेच करायचं. तुमचं काम बघायचं, विचारायचं आणि खडूने रेघ मारायची.

करून पाहा

काचेच्या पेल्यात आधी चार चमचे गोडं तेल ओता. मग चार चमचे पाणी. थोडा वेळ थांबा. कोण खाली गेलं? आता सांगा, चेंबरचा खालचा नट सोडल्यावर आधी पाणी का आलं?

या आठवड्याचं कोडं

इंजिन नुसतं उभ्या जागी चालू असताना मिनिटाला ८०० फेरे घेतं असं समजू. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. सिलिंडर चार आहेत. तर एका मिनिटात एकूण किती ठिणग्या पडतील? नुसता आकडा नको, कसा काढला तेही लिहा. पोस्टकार्ड टाकायला विसरू नका!

तुमच्या बाई